बारोकाच्या दुपारच्या बाजूचं पान तोडू नका

जुलै लागला. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात तिंता बारोका या काळ्या द्राक्षाच्या मण्यांत आता पाणी उतरायला लागेल, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरेल, आणि नेमकी याच वेळी पानं काढायला हात शिवशिवतात. निफाड-दिंडोरीकडून इथे आलेल्या आपल्या मंडळींचे तर जास्तच. घड मोकळा करा, ऊन-वारा खेळू द्या, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पण तिथे माल तयार होतो जानेवारी ते मार्चमध्ये, इथे ऑगस्टच्या भट्टीत.

पोर्ट या इथल्या गोड वाइनच्या निवडक पाच काळ्या जातींत बारोका आहे. लवकर पिकते, गोडी भरपूर, उतारा चांगला. साल मात्र पातळ. म्हणून जाणते लोक तिला उंचावर, उत्तरेकडच्या उतारावर लावतात. इथे तोच उतार थंड. ज्यांची बारोका दक्षिणेला किंवा पश्चिमेला आहे, त्यांनी पुढचं दोनदा वाचा.

२०२२ च्या जुलैत आम्ही दोन मजगींवर (उतारावरच्या पायऱ्यांवर) दोन्ही अंगांनी पानं काढली. दिसायला बाग झकास. १४ जुलैला याच खोऱ्यातल्या पिन्यावला ४७ अंश नोंदले गेले. तीन दिवसांनी दरीकडच्या, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या बाजूचे मणी आधी तपकिरी, चहात बुडवल्यासारखे, मग आकसून बेदाणे. त्याच घडाची आतली, डोंगराकडची बाजू टवटवीत होती. एका घडावर दोन ऋतू! पान तोडणारा हात माझाच होता.

कोणी म्हणेल, पोर्टला गोडीच हवी, सुकला तर बिघडलं काय? आंबवण मध्येच ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य ओतून थांबवतात, साखर राहते, हे खरं. पण पैसे वजनावर मिळतात, आणि भाजलेल्या मण्यात रंग उरत नाही, वास येतो करपलेल्या मुरंब्याचा.

तेव्हा पान काढायचंच असेल तर सकाळच्या उन्हाच्या बाजूचं, तेही मणी बाजरी-ज्वारीएवढे असताना, म्हणजे सालीला उन्हाची सवय होते. ती वेळ गेली. आता फक्त शेंड्याची वाढ रोखा, तीही हलकी. बहुतेक बागा कोरडवाहू आहेत. तोडलेलं पान परत येणार नाही.

दुकानदार सीवीड-अमिनो टॉनिकची महागडी बाटली पुढे करेल, 'ताण कमी होतो' म्हणेल. पानाची सावली फुकट आहे. खर्च करायचाच तर केओलिनवर, म्हणजे पानावर फवारायच्या पांढऱ्या मातीवर करा. विला रियालच्या विद्यापीठाने याच खोऱ्यात ५ टक्क्यांचे प्रयोग केलेत: १०० लिटर पाण्यात ५ किलो, पाणी उतरण्याच्या आधी, उष्णतेची लाट येण्यापूर्वी. गाळून घ्या, टाकी ढवळत राहा, नाहीतर नोझल चोंदतो. दुपारची बाजू नीट पांढरी झाली पाहिजे.

बाकीची कामं:
– वांझ फुटी काढणे
– तारेत काड्या अडकवणे
– केवडा आणि भुरी हे रोग, घडातली अळी: कीड-रोग सूचना केंद्राचं पत्रक पाहून फवारणी
– मजगीच्या कडेचं गवत कापणे
– काम पहाटे ते अकरा, पाणी सोबत

भुरीवरच्या गंधकाबाबत एक इशारा. पारा ३० च्या वर जाणार असेल तर धुरळणी नको, मणी जळतो. माझा आडाखा असा: आदल्या दुपारी मजगीच्या दगडी भिंतीवर तळवा टेका. पाच मोजेपर्यंत हात टिकला नाही, तर दुसऱ्या दिवशी गंधकाची थैली उघडायची नाही. पुस्तकात हे नाही, पण मला अजून दगा दिलेला नाही.

आणि तोडणीला, उशिरा पिकणाऱ्या तोरिगा जातीची वाट पाहू नका. 'सगळं एकदमच तोडू, मजूर एकदाच लागतील' या हिशेबात बारोका वेलीवरच सुकते. ऑगस्टच्या मध्यापासून दर तिसऱ्या दिवशी दुपारी दरीकडून घड उचलून बघा. मणी बोटाला मऊ लागून देठाजवळ सुरकुती धरायला लागला की क्रेट आणा.