धोटा, मुसळ आणि स्ट्रायकर : संवेग, आवेग व टकरीची गणिते कशी सोडवावीत

मराठीत 'जोर' या एका शब्दावर आपण फार ओझे टाकलेले आहे. 'डबा जोरात आला', 'दार उघडायला जोर लावला' आणि 'उताराचा जोर सपाटीवर ओसरला' या तीन वाक्यांत हा शब्द तीन निरनिराळ्या राशींसाठी येतो. पहिल्यात संवेगासाठी, दुसऱ्यात बलासाठी आणि तिसऱ्यात गतिज ऊर्जेसाठी. सोलापुरात अकरावीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवताना मला दरवर्षी आढळते की, ज्यांना सूत्रे तोंडपाठ असतात त्यांचीही टकरीची गणिते चुकतात. चूक गुणाकार-भागाकारात क्वचितच असते. आपण कोणत्या वस्तूंचा हिशेब मांडत आहोत आणि तो कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा आहे, हे ठरवण्याआधीच लेखणी चालू लागते, तिथे गणित बिघडते. म्हणून हे ठरवायचे कसे, ते येथे आपल्या गावातल्याच काही उदाहरणांवरून सांगत आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या, धोट्यावर चालणाऱ्या यंत्रमागाजवळ थोडा वेळ उभे राहावे. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना धातूची अणी बसवलेला लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात बाण्याच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या सुताची कांडी असते. माग चालू असताना तो डोळ्यांना नीट दिसतही नाही. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून तो निघून जातो आणि दोन्ही बाजूंच्या पेट्यांमधून आळीपाळीने येणारा खटका तेवढा ऐकू येतो. समजा, कांडीसह धोट्याचे वस्तुमान ४०० ग्रॅम आहे आणि तो सेकंदाला १२ मीटर वेगाने जातो. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे ०.४ गुणिले १२, असा त्याचा संवेग ४.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो.

येथवर कोणाचेही चुकत नाही. आता धोटा उजव्या पेटीत थांबला आणि तेवढ्याच वेगाने डावीकडे परत निघाला, तर त्याच्या संवेगात बदल किती झाला, असे विचारले की वर्गातून 'शून्य' हे उत्तर हमखास येते, कारण वेगाचा आकडा तोच राहिलेला असतो. संवेग ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला आकड्याबरोबर दिशाही असते, म्हणून गणिताची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर एक बाण काढावा आणि त्याखाली 'धन' असे लिहावे. उजवी दिशा धन मानली, तर सुरुवातीचा संवेग अधिक ४.८ आणि शेवटचा उणे ४.८ होतो; शेवटच्यातून सुरुवातीचा वजा केला की बदल उणे ९.६ येतो. त्यातला अर्धा बदल धोटा थांबताना होतो आणि उरलेला अर्धा त्याला परत धाडताना होतो. चिन्हाची ही बाब क्षुल्लक समजू नये. सतराव्या शतकात देकार्तसारख्या विचारवंताने गतीचे परिमाण दिशा सोडून केवळ आकड्याने मोजले आणि त्यामुळे त्याचे टकरीचे बहुतेक नियम चुकले. वॉलिस, रेन आणि हायगेन्स या शास्त्रज्ञांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६८-६९ मध्ये जे विवेचन मांडले, त्यातून दिशेसह हिशेब करण्याची वाट मोकळी झाली. ज्या ठिकाणी देकार्त अडखळला तिथे अकरावीचा मुलगा अडखळला, तर त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही; मात्र बाण काढण्याची सवय त्याने लावून घ्यावी.

संवेगातल्या या बदलालाच आवेग म्हणतात, आणि सरासरी बल गुणिले ते बल लागू असण्याचा काळ एवढी त्याची किंमत असते. त्याचे एकक न्यूटन-सेकंद सांगितले जाते. ते आणि किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद ही एकाच एककाची दोन नावे आहेत. पेटीतला दांडा धोट्याला २० सेंटिमीटर अंतरात एकसारखे ढकलून १२ मीटर प्रति सेकंद वेग देतो असे धरू. या अंतरात सरासरी वेग ६ मीटर प्रति सेकंद असल्याने लागणारा काळ सुमारे ०.०३३ सेकंद येतो, आणि ४.८ ला या काळाने भागले की बल १४४ न्यूटन मिळते. तोच धोटा समोरच्या पेटीत १० सेंटिमीटर घासत जाऊन थांबला तर त्याच्यावर २८८ न्यूटन बल येते, आणि १ सेंटिमीटरमध्येच अडला तर २८८० न्यूटन. तिन्ही वेळा आवेगाचे परिमाण ४.८ हेच आहे, बदलला आहे तो फक्त काळ. धोटा पेटीत शिरताना त्याला बाजूने हळूहळू दाबून आवळण्याची सोय मागात का करावी लागते, हे या तीन आकड्यांवरून कळते. ती सोय नसेल तर कांडीवरचे सूत पुढे घसरेल आणि धोट्याची टोके लवकर फुटतील.

आवेगाचे दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. शेंगाचटणीसाठी भाजलेले शेंगदाणे उखळात घातले की पहिले काही घाव खणखणीत लागतात. दाणे फुटून तेल सुटू लागले की आवाज बसका होतो आणि मुसळ जरा रुतून थांबते. मुसळ २ किलोग्रॅमचे आहे आणि ३ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येते असे मानले, तर त्याचा संवेग ६ न्यूटन-सेकंद होतो. उखळ रिकामे असून मुसळ ०.०१ सेकंदात थांबले तर त्यावरचे निव्वळ सरासरी बल ६०० न्यूटन असते. चटणीच्या थरात थांबायला ०.०३ सेकंद लागले तर ते २०० न्यूटनवर येते. येथे 'निव्वळ' या शब्दाकडे लक्ष द्यावे. संवेग बदलतो तो सर्व बलांच्या बेरजेमुळे. मुसळाचे सुमारे २० न्यूटन वजन खालच्या दिशेने चालूच असते, म्हणून हाताची पकड सैल आहे असे धरले तर उखळाने वर लावलेले बल पहिल्या वेळी ६२० आणि दुसऱ्या वेळी २२० न्यूटन असायला हवे. पहिल्या वेळी हा फरक फारसा जाणवत नाही, दुसऱ्या वेळी तो दहा टक्के आहे. थांबण्याचा काळ जसजसा वाढतो, तसतसे वजनासारखे लहान बल सोडून देणे महाग पडते. पार्क मैदानावर उंच झेल घेणारा खेळाडू चेंडूसोबत हात मागे नेतो, आणि हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जातो, त्यामागेही थांबण्याचा काळ वाढवण्याचेच तत्त्व आहे.

आता टकरीकडे वळू. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा त्यांची परस्परांवरची बले न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे समान व विरुद्ध असतात आणि ती तेवढाच वेळ लागू असतात. त्यामुळे दोघींना मिळणारे आवेगही समान व विरुद्ध असतात आणि बेरजेत ते निघून जातात. हाच संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. तो दोन्ही वस्तूंच्या मिळून होणाऱ्या संवेगाविषयी आहे, एकटीच्या नव्हे. म्हणून आकृतीत दोन्ही वस्तूंभोवती एक तुटक रेषा ओढावी आणि त्या रेषेच्या बाहेरून येणारी बले कोणती, हे आधी लिहून काढावे.

रेल्वे यार्डात शंटिंग, म्हणजे डब्यांची हलवाहलव व जोडणी, चालते तेव्हा हे स्वच्छ दिसते. ८० टनांचा भरलेला डबा १.२५ मीटर प्रति सेकंद वेगाने येऊन २० टनांच्या उभ्या, रिकाम्या डब्याला धडकला आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) अडकून दोघे एकत्र चालू लागले असे समजा. सुरुवातीचा संवेग ८० गुणिले १.२५, म्हणजे १०० टन-मीटर प्रति सेकंद. नंतरचे वस्तुमान १०० टन, म्हणून वेग १ मीटर प्रति सेकंद. गतिज ऊर्जा मात्र ६२,५०० ज्यूलवरून ५०,००० ज्यूलवर येते. उरलेली आवाज, कंप आणि उष्णता यांत जाते. उलट, रिकामा डबाच १.२५ मीटर प्रति सेकंदाने येऊन भरलेल्या उभ्या डब्याला अडकला, तर दोघांचा वेग ०.२५ राहतो आणि १५,६२५ ज्यूलपैकी केवळ ३,१२५ उरतात. म्हणजे पहिल्या टकरीत २० टक्के ऊर्जा गेली, दुसरीत ८० टक्के. संवेग दोन्ही वेळा जसाच्या तसा आहे. संवेग टिकला म्हणजे गतिज ऊर्जाही टिकली असे मानणाऱ्याने ही दोन गणिते स्वतःच्या हाताने करून पाहावीत.

सर्वाधिक गुण जातात ते दोन टप्प्यांच्या गणितात. १००० किलोग्रॅमची मोटार १५ मीटर प्रति सेकंद वेगाने ५०० किलोग्रॅमच्या उभ्या रिक्षाला धडकते, दोन्ही एकत्र घसरत जातात, घर्षणांक ०.५ आहे, तर किती अंतर जातील? घाईत विद्यार्थी मोटारीची सुरुवातीची १,१२,५०० ज्यूल ऊर्जा ७,५०० न्यूटन घर्षणबलाने भागतो आणि १५ मीटर उत्तर लिहितो. हे चूक आहे, कारण मधल्या टकरीत पत्रा चेपण्यात गेलेली ऊर्जा त्याने धरलेलीच नाही. टक्कर संपण्याच्या क्षणी कागदावर आडवी रेघ मारावी. रेघेच्या वर फक्त संवेग वापरावा, आणि मग वेग १० मीटर प्रति सेकंद मिळतो. रेघेच्या खाली ऊर्जा वापरावी. ७५,००० भागिले ७,५०० म्हणजे १० मीटर. रेघेच्या वर घर्षण का सोडले, हा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. टक्कर ०.१ सेकंद चालली असे धरले तर घर्षणाचा आवेग फार तर ७५० न्यूटन-सेकंद होतो, आणि एकूण संवेग १५,००० आहे. म्हणजे पाच टक्के. टक्कर याहून लवकर आटोपली तर तेवढाही फरक राहत नाही. घसरताना मात्र तेच घर्षण जवळपास दोन सेकंद लागू असते आणि संपूर्ण संवेग संपवून टाकते.

पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे जिच्यात संवेगाबरोबर गतिज ऊर्जाही टिकते अशा टकरीसाठी कॅरमइतकी जवळची प्रयोगशाळा नाही. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर २ मीटर प्रति सेकंद वेगाने ५ ग्रॅमच्या सोंगटीवर सरळ समोरून आदळला, तर येथे संवेगाच्या समीकरणाबरोबर ऊर्जेचेही समीकरण हवे, आणि त्यातल्या वर्गांमुळे मुले घाबरतात. त्याऐवजी एक सोपा नियम वापरावा. समोरासमोरच्या स्थितिस्थापक टकरीत वस्तू ज्या सापेक्ष वेगाने जवळ येतात, त्याच सापेक्ष वेगाने दूर जातात. येथे जवळ येण्याचा वेग २ आहे, म्हणून सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या वेगापेक्षा २ ने जास्त असला पाहिजे. संवेगाची बेरीज ३० राहायची असेल तर स्ट्रायकर १ आणि सोंगटी ३ मीटर प्रति सेकंद, हेच एक उत्तर बसते. खऱ्या बोर्डावर सोंगटी याहून किंचित हळू जाते, कारण लाकूड आणि प्लास्टिक पूर्ण स्थितिस्थापक नसतात.

तिरक्या टकरीत हाच हिशेब दोन लंब दिशांना वेगवेगळा करावा लागतो. तो करण्याआधी बोर्डावर पावडर जरा जास्त पसरून, स्ट्रायकर बाजूला ठेवून, एका सोंगटीला टिचकी मारून ती दुसऱ्या स्थिर सोंगटीवर थोडी कडेने आदळू द्यावी. पावडरीत दोघींच्या वाटा उमटतात. सारख्या वस्तुमानाच्या दोन वस्तूंची टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असती, तर या वाटांमधला कोन बरोबर ९० अंश आला असता. कोनमापकाने तो मोजावा. आदळल्यापासूनचा पहिला इंच-दीड इंचच धरावा. कोन ९० पेक्षा कमी भरला, तर ऊर्जेचा काही वाटा त्या एका टिचकीच्या आवाजात आणि उष्णतेत गेलेला आहे.