आरव्हीतला मुक्काम सुरक्षित कसा करावा : अमेरिकेत भाड्याच्या गाडीने फिरणाऱ्या कुटुंबांसाठी

आरव्ही म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, पण तिची भिंत म्हणजे घराची भिंत नव्हे. बाहेर फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत प्लायवूड, एवढाच तिचा थर. दाराचं कुलूपही कोणी पहार लावली तर फार वेळ टिकत नाही. पण घराकडे नसलेली एक गोष्ट आरव्हीकडे असते, ती म्हणजे चाकं. म्हणून इथल्या स्वसंरक्षणाचा सगळा विचार एका प्रश्नाभोवती फिरतो : मध्यरात्री, अंधारात, झोपेतून उठून, बाहेर पाऊल न टाकता तुम्हाला ड्रायव्हरच्या सीटवर बसून गाडी काढता येईल का? येत असेल तर बाकीची तयारी सोपी आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत येलोस्टोन, ग्रँड कॅन्यनकडे जाणारी कुटुंबं बहुधा क्लास सी गाडी घेतात. पुढे ट्रकची केबिन, मागे घर, केबिनच्या डोक्यावर झोपायचा माळा आणि केबिनमधून मागे जायला आतूनच वाट. क्लास बी म्हणजे व्हॅन, तिच्यातही ही वाट असते. क्लास ए बससारखी असते आणि तिच्या बऱ्याच मॉडेलांना ड्रायव्हरच्या बाजूला दारच नसतं. मागे जोडून ओढायचा ट्रेलर असेल तर आतून स्टिअरिंगपर्यंत पोहोचायची सोयच नाही. त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

गाडी ताब्यात घेताना

भाड्याने देणारा माणूस पाण्याची टाकी आणि सांडपाण्याचा पाइप तपशिलाने समजावतो. त्यानंतर निघायची घाई करू नका. आणखी अर्धा तास थांबा आणि पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा.

आधी संकटकालीन खिडकी उघडा. ती बहुधा मागच्या पलंगाशी असते आणि तिला लाल रंगाच्या मुठी असतात. मुठी सोडवून काच बाहेर ढकलायची. वर्षभर न उघडलेल्या खिडकीचं रबर चिकटून बसतं, म्हणून ती आज उघडते का हे बघणं महत्त्वाचं. बाहेर डोकावून उंचीही पाहा. जमीन पाच-सहा फूट खाली असू शकते. अशा वेळी आधी गादी किंवा जाड रजई चौकटीवर टाकायची, पोटावर वळायचं आणि पाय आधी बाहेर काढायचे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने त्या मुठी एकदा तरी फिरवलेल्या असाव्यात.

मग हॉर्न. बऱ्याच गाड्यांत तो चावी न फिरवताही वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का बघा. रिमोटवर लाल पॅनिक बटण असेल तर तेही दाबून बंद करून बघा.

बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांची चावी हातात घ्या आणि तिच्यावर काय कोरलंय ते वाचा. ‘सीएच ७५१’ असेल तर ते कप्पे कुलूपबंद आहेत असं मानू नका. हीच चावी अमेरिकेतल्या असंख्य आरव्हींच्या कप्प्यांना लागते आणि दुकानात कोणालाही काही डॉलरना मिळते. गाडी स्वतःची असेल तर कुलपं बदलून घ्या. भाड्याची असेल तर त्या कप्प्यांत फक्त खुर्च्या, पाइप आणि लाकडं ठेवा. पासपोर्ट, लॅपटॉप, कॅमेरा आत. दागिने सहलीला आणूच नयेत.

मुक्कामाची जागा

दिवस मावळायच्या किमान एक तास आधी पोहोचा, म्हणजे जागा पटली नाही तर दुसरीकडे जायला उजेड उरतो. ती दुसरी जागा सकाळीच ठरवून नकाशात खूण करून ठेवावी, कारण थकलेला ड्रायव्हर आणि भुकेली मुलं असताना माणूस ‘राहू दे, एकच रात्र तर आहे’ म्हणतो आणि मनाला खटकलेल्या जागीच थांबतो.

भरवशाचं ठिकाण म्हणजे कर्मचारी मुक्कामी असलेलं कॅम्पग्राउंड. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये रात्र काढता येते असं सर्रास सांगितलं जातं, पण ते त्या त्या दुकानावर आणि गावाच्या नियमांवर अवलंबून असतं. आत जाऊन मॅनेजरला विचारा. महामार्गावरच्या रेस्ट एरियाचे नियमही राज्यागणिक बदलतात : कॅलिफोर्नियात २४ तासांत ८ तास थांबता येतं, काही राज्यांत रात्रभर थांबायला मनाई आहे.

थांबण्याआधी आवारात एक फेरी मारा. जमिनीवर काचेचे चौकोनी बारीक तुकडे चमकताना दिसले तर तिथे गाड्या फोडल्या जातात असं समजा आणि पुढे चला. सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात ही खूण विशेष बघावी. तिथे दिवसाढवळ्या, माणसं दहा मिनिटं फोटो काढायला उतरली असतानाही काचा फुटतात.

गाडी लावणं

नाक बाहेरच्या रस्त्याकडे. रिव्हर्स घेऊन लावायला पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण रात्री घाबरलेल्या अवस्थेत २८ फुटांची गाडी अंधारात मागे घ्यायची वेळ येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी आणि समोरून कोणी तुम्हाला कोंडणार नाही अशी कडेची जागा घ्या, मात्र दिव्याच्या टप्प्यात.

पार्किंगमधल्या मुक्कामात स्लाइड-आउट (खोली रुंद करणारा सरकता भाग) बाहेर काढायचा नाही, दाराबाहेरचं कापडी छत उघडायचं नाही, लेव्हलिंग जॅक (गाडी समतल ठेवणारे पाय) टेकवायचे नाहीत. स्लाइड आत यायला अर्धं-एक मिनिट लागतं आणि ती पूर्ण आत आल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. जॅक टेकलेले असताना हलवली तर ते मोडतात. कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाणी जोडलेलं असतं, तिथे हे सगळं उघडायला हरकत नाही, कारण हाक मारायला शेजारी असतात. तरीही जीवावर बेतलं तर विजेची केबल सोडवत बसू नका, ती तुटली तरी चालेल, तशीच गाडी काढा.

झोपण्याआधीची दहा मिनिटं

गडबड होते ती इथे. दिवसभराचं सामान, कूलर, मुलांच्या बॅगा, बुटांचा ढीग हे सगळं केबिन आणि घर यांच्यामधल्या दोन फुटी वाटेत येऊन पडतं. गाडी आहे, चावी आहे, पण सीटपर्यंत जाता येत नाही. ही वाट रोज रात्री रिकामी करायची. जेवणाच्या टेबलाखाली किंवा बाथरूममध्ये बॅगा कोंबल्या तरी चालतील. ड्रायव्हरची सीट फिरवून बैठकीसाठी वापरली असेल तर पुन्हा पुढे करून ठेवा. ती फिरवायला बरेचदा आधी दार उघडावं लागतं.

गाडीची चावी रोज एकाच जागी, केबिनजवळच्या हुकवर. कोणाच्या पँटच्या खिशात नाही. समोरच्या काचेचा पडदा एका हाताने ओढून काढता येईल असा लावा. गॅसवरची भांडी उतरवून ठेवा, कप्पे बंद करा, नाहीतर निघताना डोक्यावर कुकर येईल. फोन चार्जिंगला, बूट आणि टॉर्च उशाशी. आणि कुठे आहोत ते कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा : महामार्गाचा क्रमांक, एक्झिट किंवा माइल मार्कर (रस्त्याकडेचा मैलाचा फलक), कॅम्पग्राउंडचं नाव, साइट नंबर. मोबाइलवरून ९११ (अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर) लावला तरी ऑपरेटरला तुमची जागा नेमकी दिसेलच असं नाही.

भीतीपोटी एक चूक होते, तिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. चोराच्या धास्तीने सगळ्या खिडक्या आणि छताचं व्हेंट (हवेचा झरोका) गच्च लावायचं आणि थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची किंवा जनरेटर रात्रभर चालू ठेवायचा. यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. शेगडी हीटर म्हणून कधीही वापरू नका. झोपताना जनरेटर बंद करा. शेजारच्या गाडीचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली धूर सोडत असेल तर जागा बदला. छताचं व्हेंट दोन बोटं उघडं ठेवल्याने कोणी आत येत नाही.

अलार्मची कथा आपल्या स्वयंपाकाशी जोडलेली आहे. मोहरी-मिरचीची फोडणी पडली की स्मोक अलार्म कोकलतो, कोणीतरी वैतागून बॅटरी काढतं आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत ड्रॉवरमध्येच राहते. फोडणीआधी छताचा पंखा चालू करा आणि दार उघडा, किंवा तेवढी फोडणी बाहेरच्या पिकनिक टेबलावर छोट्या बर्नरवर करा. जमिनीलगत बसवलेला अलार्म प्रोपेनचा असतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून तो तिथे. त्याच्यासमोर बॅगा रचू नका.

रात्री दार वाजलं तर

दार उघडायचं नाही, मग बाहेर कोणीही असो. आधी आतले दिवे बंद, मग दाराबाहेरचा दिवा चालू. आत उजेड आणि बाहेर अंधार असेल तर तुम्ही काचेच्या कपाटात उभे असल्यासारखे दिसता आणि तुम्हाला बाहेरचं काहीच दिसत नाही. हे उलटं करायचं. त्यानंतर एक मोठा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, चावी लावतो आणि काच दोन इंच खाली करून बोलतो.

बऱ्याचदा बाहेर पार्किंगचा सुरक्षारक्षक असतो आणि इथे झोपता येणार नाही एवढंच त्याला सांगायचं असतं. हुज्जत न घालता निघा. पोलिस असल्याचं सांगितलं तर खिडकीतूनच बोला, हात दिसतील असे ठेवा. शंका आली तर ९११ लावून त्या जागी अधिकारी पाठवला आहे का ते विचारा आणि तसं विचारत आहात हे त्याला शांतपणे सांगा. मदत मागणारा अनोळखी माणूस असेल तर मदत फोनने करा : ‘आय विल कॉल फॉर यू.’ टोइंग, ॲम्ब्युलन्स, जे लागेल ते बोलावून द्या, दार बंदच.

माणूस हटत नसेल, हँडल ओढत असेल, तर लांब हॉर्न आणि मोठ्या आवाजात एकच वाक्य : ‘आय हॅव कॉल्ड ९११. स्टेप बॅक.’ आणि गाडी काढा. तो समोर उभा असेल तर अंगावर घालू नका. हॉर्न, हेडलाइट आणि मागे किंवा बाजूने वाट.

दार तुटलंच तर आतल्या अरुंद जागेत झटापट करू नका. बॅट फिरवायला जागा नसते आणि स्वयंपाकघरातली सुरी ओढाताणीत तुमच्यावरच उलटते. कुटुंबाने दुसऱ्या वाटेने बाहेर पडायचं : केबिनचं दार किंवा लाल मुठीची खिडकी. माळ्यावर मुलं असतील तर त्यांना कोण उतरवणार हे आधी ठरलेलं असावं. मागे राहणाऱ्याने झगझगीत टॉर्च थेट डोळ्यांत मारायचा. दाराजवळचं अग्निशामक यंत्र पिन काढून समोर रोखलं तर क्षणभर पडदा तयार होतो, पण ती पावडर सगळ्या खोलीत पसरते, म्हणून ते बाहेर पळतानाच.

स्प्रे आणि बंदूक

पेपर स्प्रे गाडीच्या आत मारला की तुमचेच डोळे आधी मिटतात. आतल्या वापरासाठी घ्यायचाच तर जेल प्रकारचा घ्या, तो धुक्यासारखा पसरत नाही. नियम राज्याप्रमाणे बदलतात : कॅलिफोर्नियात २.५ औंसांपर्यंतचाच डबा चालतो, आणि कॅनडात माणसांवर वापरायचा पेपर स्प्रे बेकायदेशीर आहे. नकाशातली सगळी राज्यं निघण्याआधी तपासा.

बेअर स्प्रे वेगळा. तो अस्वलासाठीच आहे, ७.९ औंस किंवा त्याहून मोठा घ्यावा आणि चालताना सॅकमध्ये न ठेवता कमरेला लावावा. येलोस्टोनमध्ये तो जवळ बाळगाच. योसेमिटीत मात्र त्याला बंदी आहे. विमानात तो कुठल्याच सामानात चालत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, १२० अंश फॅरनहाइटच्या वर डबा फुटू शकतो. येलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगे आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, गवे व इतर प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर ठेवायचा नियम आहे. गवा शांत चरताना दिसला म्हणून फोटोसाठी जवळ जाणारे लोकच त्याच्या शिंगावर सापडतात.

बंदुकीबद्दल आपल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. एच-१बी (नोकरीचा), बी-२ (पर्यटनाचा) अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेल्या, व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत. मित्राने ‘सोबत असू दे’ म्हणून दिली तरी घेऊ नका. व्हिसाच पणाला लागेल.

आई-बाबा गाडीत एकटे असताना

तरुण मंडळी ट्रेकला जातात आणि भारतातून आलेले आई-बाबा आरव्हीत थांबतात. त्यांना फोन लॉक असतानाही ९११ कसा लावायचा ते दाखवा. खरा फोन न लावता बोट कुठे ठेवायचं एवढंच. मोठ्या अक्षरातला कागद द्या : जागेचं नाव, साइट नंबर, गाडीचा रंग. ऑपरेटरला ‘हिंदी इंटरप्रीटर’ एवढे दोन शब्द म्हणायला सांगा, बहुतेक केंद्रांत फोनवर दुभाषा जोडून देतात. मात्र अनेक राष्ट्रीय उद्यानांत मोबाइलला रेंज नसते. तिथे आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन उपग्रहावरून मदत मागू शकतो, पण उघड्या आकाशाखाली उभं राहून. रेंज नसेल तर त्यांना गाडीत एकटं न ठेवता व्हिजिटर सेंटरमध्ये बसवा.

ट्रेलर असेल तर

आतून निसटता येत नाही, म्हणून पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला मुक्काम नको. कर्मचारी असलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच राहा. ओढणाऱ्या गाडीचा रिमोट उशाशी ठेवा आणि ट्रेलरमधून त्याच्या पॅनिक बटणाने गाडी बोंबलते का ते पहिल्याच संध्याकाळी बघा. हिचला (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याला) कुलूप लावा, नाहीतर तुम्ही गावात गेलात की अख्खा ट्रेलर जोडून नेता येतो.

निघून आल्यावर

लगेच थांबू नका. दहा-पंधरा मैल पुढे, भरपूर उजेडाच्या पेट्रोल पंपावर किंवा पोलिस ठाण्याशी थांबा. पाठलाग होतोय असं वाटलं तर सलग चार उजवी वळणं घ्या. मागची गाडी तरीही मागेच असेल तर मुक्कामाकडे न जाता ९११ चालू ठेवून ऑपरेटर सांगेल तिकडे चला. आग, धोका काही उरला नसेल, फक्त काच फुटली असेल तर त्या गावच्या पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर तक्रार द्या आणि रिपोर्ट नंबर लिहून घ्या. गाडीची कंपनी आणि विमावाले दोघेही पहिल्यांदा तोच विचारतात. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय वकिलातीतही त्या रिपोर्टची प्रत लागते.