डीएनए काढताना या चुका टाळा

डीएनए किती शुद्ध आहे ते सांगणारा 260/280 चा आकडा (260 आणि 280 नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर) 1.8 च्या आसपास आला की बरेचजण निर्धास्त होतात. मग पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) फसला की संशय आधी प्रायमरवर (प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे), मग मशीनवर. त्याआधी तसंच 260/230 चं गुणोत्तर बघा. तो 2.0 ते 2.2 च्या दरम्यान हवा. फारच खाली असेल तर कॉलममधलं (डीएनए धरून ठेवणारा पडदा असलेल्या छोट्या नळीतलं) ग्वानिडिन हे पेशी फोडायचं रसायन किंवा फिनॉल मागे राहिलंय. (डीएनएच अगदी कमी असेल तर मात्र या आकड्यावर फार विसंबू नका.)

माझ्या मते निम्मी गडबड धुण्याच्या पायरीवर होते. वॉश बफरच्या (कॉलम धुवायच्या द्रावणाच्या) नव्या बाटलीत इथेनॉल घालायचं राहून गेलं, तर धुताना डीएनएही वाहून जातो आणि हाती काहीच लागत नाही. इथेनॉल घातलं की लगेच झाकणावर खूण करा, "नंतर करू" म्हणू नका. दुसरी चूक म्हणजे धुतल्यावर रिकामा कॉलम सेंट्रीफ्यूजमध्ये पुन्हा फिरवायचा कंटाळा. अशा वेळी डीएनए तपासायच्या जेलच्या वेलमध्ये (खाचेत) भरलेलं सॅम्पल तळाशी न बसता वर तरंगून निघून जातं. तसं दिसलं की समजा, इथेनॉल राहिलंय, आणि तेच पीसीआरही अडवतं. इल्युशन बफर (कॉलममधून डीएनए सोडवून घेणारं द्रावण) कडेला नाही, मेंब्रेनच्या म्हणजे पडद्याच्या बरोबर मधोमध सोडा आणि मिनिटभर थांबून मगच फिरवा.

डीएनए कमी मिळतोय म्हणून ऊतीचा मोठा तुकडा घेणं हा उलटा उपाय. लायसिस (पेशी फोडणं) अर्धवट होतं, कॉलम तुंबतो. तुकडा लहान घ्या आणि पूर्ण विरघळेपर्यंत थांबा. रक्त असेल तर हेपरिनची नळी टाळा, ईडीटीएची घ्या (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं). हेपरिन पीसीआरला मारक आहे.

कॉलमऐवजी फिनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिनं वेगळी करायच्या पद्धतीत डीएनए असलेला वरचा थर शेवटच्या थेंबापर्यंत उपसायचा मोह होतो. मधल्या पांढुरक्या थराला टिप लागली की प्रथिनं सोबत आलीच. थोडा द्रव खुशाल सोडून द्या. पेलेटही (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) कडकडीत वाळवू नका, नंतर तो विरघळता विरघळत नाही.

आरएनएचं गणित वेगळं. तिथे फिनॉल आम्लधर्मी लागतं. 8 पीएचचं वापरलं तर डीएनएही वरच्या थरात येतो. ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं) म्हणजे आरएनेज हे आरएनए तोडणारं विकर संपलं, असंही नाही. डीईपीसी या आरएनेज निकामी करणाऱ्या रसायनाने पाणी निर्धोक करता येतं, पण ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) असलेल्या बफरवर ते चालत नाही. तो बफर डीईपीसी लावून ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यातच बनवा. तयार आरएनए छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 अंशांवर ठेवा, म्हणजे दर वेळी सगळाच वितळवावा लागणार नाही.