बँक स्टेटमेंटच्या पीडीएफमधून टेबल रिकामं यायचं, ते असं सुटलं

सांगलीच्या मार्केट यार्डात काकांची हळदीची अडत आहे, त्यांचं स्टेटमेंट पासवर्डवाल्या पीडीएफमधे येतं आणि ते मला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पीडीएफप्लंबर लायब्ररीने (पीडीएफमधला मजकूर, टेबल काढून देणारा तयार कोड) वाचायचं होतं. पासवर्ड फाईल ओपन करतानाच देता येतो, ते सोपंय. पण टेबल रिकामंच यायचं, कारण ही लायब्ररी मुळात छापलेल्या रेघा शोधते आणि या स्टेटमेंटला रेघाच नाहीत! टेबल सेटिंगमधे व्हर्टिकल, हॉरिझॉन्टल दोन्ही स्ट्रॅटेजी 'टेक्स्ट' केल्या, म्हणजे रेघांऐवजी अक्षरांच्या जागेवरून रकाने आणि ओळी ओळखायच्या, आणि एन्ट्र्या यायला लागल्या. लांब नॅरेशन (व्यवहाराचं वर्णन) खालच्या ओळीत उतरतं म्हणून तारीख नसलेली ओळ वरच्या एन्ट्रीला जोडली, आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम आधी काढा नाहीतर त्याचा आकडा करताना एरर येतो. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा नावे (डेबिट), हे शेवटच्या शिल्लकेशी जुळतंय का हा चेक कोडमधेच टाकलाय, एखादी एन्ट्री गळाली तर लगेच कळतं.