जीपीसीआर: पोरांचे मार्क नेमके कुठे जातात, या चुका टाळा

जीपीसीआर म्हणजे जी-प्रोटीनमार्फत पेशीत सिग्नल पोचवणारे, पेशीच्या पडद्यातले रिसेप्टर. त्यांचा बाणांचा डायग्राम सगळ्यांना येतो. हार्मोन आलं, रिसेप्टरला चिकटलं, जी-प्रोटीन ॲक्टिव्ह, सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू, म्हणजे सेकंड मेसेंजर) वाढलं, झालं. पण हा सिग्नल बंद कसा होतो विचारलं की वर्गात एकदम शांतता, आणि नेट परीक्षेला प्रश्न नेमके तिथलेच येतात.

त्याआधी एक चूक जी जवळपास प्रत्येक गठ्ठ्यात सापडते, "रिसेप्टर जीडीपीला फॉस्फेट लावून जीटीपी बनवतो". अजिबात नाही! जी-प्रोटीनचे अल्फा, बीटा, गॅमा असे तीन भाग (सबयुनिट), त्यातल्या अल्फामध्ये जीडीपी आधीच बसलेलं असतं, ॲड्रेनलिन बाहेरून चिकटलं (आणि ते बाहेरच राहतं, आत जात नाही) की रिसेप्टरची सहावी हेलिक्स आतल्या टोकाला बाहेर सरकते, त्या खाचेत अल्फाचं शेपूट घुसतं, जीडीपीवरची पकड सुटते आणि पेशीत जीटीपी जास्त असल्यामुळे रिकाम्या जागेत तेच येऊन बसतं, आणि अल्फा चालू होतं. म्हणजे नुसती अदलाबदल. 2011 साली शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्कांच्या टीमने बीटा-2 (ॲड्रेनलिनचा) रिसेप्टर आणि जीएस (सायक्लिक एएमपी वाढवणारं जी-प्रोटीन) यांचं जोडीनं स्ट्रक्चर काढलं, त्यात ती हेलिक्स साधारण 14 अँगस्ट्रॉम सरकलेली दिसते. पुढच्याच वर्षी त्यांना लेफकोविट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता बंद होणं. अल्फा स्वतःच जीटीपी तोडतं आणि परत जीडीपीवर येतं, त्याला वेगळा एन्झाइम लागत नाही, आरजीएस प्रोटीन फक्त ते काम फास्ट करतात. हे डोक्यात बसलं की कॉलरा आणि डांग्या खोकला हा हमखास गोंधळ आपोआप सुटतो. कॉलराचं टॉक्सिन जीएसच्या अल्फावर एडीपी-रायबोज चिकटवतं, तोडायची ताकद जाते, जीएस चालूच राहतं, सायक्लिक एएमपी चढतं, आतड्यातले क्लोराइड चॅनल उघडे राहतात, मागोमाग पाणी, म्हणून ते भाताच्या पेजेसारखे जुलाब. डांग्या खोकल्याचं टॉक्सिन पण एडीपी-रायबोजच चिकटवतं, पण जीआयच्या (सायक्लिक एएमपी कमी करणाऱ्या जी-प्रोटीनच्या) अल्फाच्या शेपटाला, त्यामुळे ते रिसेप्टरशी जुळतच नाही आणि बंद अवस्थेत अडकतं. ब्रेकच गेला, म्हणून इथेही सायक्लिक एएमपी वाढतं. रिझल्ट सारखा दिसतो म्हणून पोरं दोन्हीकडे "जीएस ॲक्टिव्ह होतं" लिहून मोकळी होतात.

जी-प्रोटीनच्या उरलेल्या जोडीला, बीटा-गॅमाला, कुणी विचारतच नाही, बिचारं. व्हेगस नर्व्हमुळे हृदय मंदावतं तेव्हा एम-2 (ॲसिटिलकोलीनच्या) रिसेप्टरपासून सुटलेलं बीटा-गॅमाच पोटॅशियम चॅनल उघडतं, त्याला सेकंड मेसेंजर लागत नाही.

आणि "सायक्लिक एएमपी वाढलं की स्नायू आकुंचन पावतो" असं सरसकट लिहू नका. हृदयात ठोका जोरात होतो पण श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो, म्हणून तर दम्याला साल्ब्युटामॉल. इन्सुलिनचा रिसेप्टर पण या यादीत घुसवू नका, तो टायरोसिन कायनेज आहे.

लॅबवाल्यांसाठी. जीआयवाल्या रिसेप्टरवर ॲगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारा पदार्थ) टाकला आणि सायक्लिक एएमपीचं रीडिंग हललंच नाही तर लगेच क्लोनला दोष देऊ नका, मुळात लेव्हल तळाला असताना कमी काय होणार? आधी फॉरस्कोलिन (सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला थेट चालू करणारं) टाकून लेव्हल वर न्या, मग ॲगोनिस्टने किती उतरते ते बघा. (हे फॉरस्कोलिन आपल्याकडच्या कोलियसच्या मुळांतलं, आणि त्यावरचं सुरुवातीचं बरंच काम मुलुंडच्या हेक्स्टच्या रिसर्च सेंटरमध्ये झालंय, हे मुंबईच्या पोरांनाही माहीत नसतं.) सायक्लिक एएमपी तोडणारं एन्झाइम, फॉस्फोडायएस्टरेज, अडवायला आयबीएमएक्स विसरलात तर बनलेलं सायक्लिक एएमपी मोजायच्या आत तुटून जातं. जीएसवाल्यात उलटा प्रॉब्लेम, ॲगोनिस्ट जास्त वेळ ठेवला की जीआरके नावाची एन्झाइम रिसेप्टरवर फॉस्फेट लावतात, त्यावर अरेस्टिन हे प्रोटीन येऊन बसतं, सिग्नल पडतो, आणि तुम्ही म्हणता ड्रग खराब झालं. आधी टाइम कोर्स करा, नवी बाटली नंतर मागवा.