घरगुती कामांसाठी वननोटची वही कशी लावावी

डिजिटल वहीचे सॉफ्टवेअर घेतले की बहुतेकांचा सुरुवातीचा उत्साह रंगीबेरंगी विभाग पाडण्यातच खर्च होतो. त्याऐवजी वही विषयानुसार न लावता कामानुसार लावावी. ‘घर’ किंवा ‘पैसे’ हे विषय कधी संपत नाहीत. ‘गच्चीची गळती’ हे काम मात्र संपते आणि संपल्यावर बाजूला काढता येते. येथे मायक्रोसॉफ्टचे वननोट हे सॉफ्टवेअर गृहीत धरले आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि फोन व संगणक दोन्हींवर चालते. एव्हरनोट या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या विनामूल्य योजनेत 2023 च्या अखेरीपासून केवळ 50 टिपणे आणि एकच वही मिळते, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे न वळलेले बरे.

वननोटमध्ये वही, तिच्यात सेक्शन आणि सेक्शनमध्ये पाने अशी रचना असते. सगळ्या कामांसाठी एकच वही उघडावी आणि प्रत्येक कामाला एक सेक्शन द्यावा. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यास पोहोचतो, म्हणून गच्चीचे काम त्याआधी, म्हणजे ऐन उन्हातच, उरकावे लागते; वेळ कमी असल्यामुळे वहीचा खरा उपयोगही अशाच कामात होतो.

सेक्शनचे पहिले पान सर्वांत महत्त्वाचे. त्याला ‘स्थिती’ असे नाव देऊन त्यावर तीनच ओळी ठेवाव्यात:

शेवट: हॉलच्या कोपऱ्यातील ओल थांबली पाहिजे, गच्चीवर चोवीस तास पाणी साचवून खात्री करणे.
पुढचे पाऊल: शनिवारी सकाळी मिस्त्रीला गच्ची दाखवणे.
अडले कशावर: शेजारच्या भिंतीवरून पाइप नेण्यास होकार मिळालेला नाही.

दुसरी ओळ लिहिताना ‘वॉटरप्रूफिंगचे बघणे’ असे मोघम लिहू नये. कोणी, केव्हा आणि काय करायचे हे त्यात आलेच पाहिजे. विंडोजवर त्या ओळीवर कंट्रोल आणि 1 दाबल्यास चौकोन येतो, पुन्हा दाबल्यास खूण होते. ‘फाइंड टॅग्ज’ मध्ये सर्व सेक्शनमधील खूण न झालेली कामे एकत्र दिसतात, त्यामुळे वेगळी यादी ठेवण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या पानावर अंदाजपत्रके घ्यावीत. एक मिस्त्री चौरस फुटाचा दर सांगतो, दुसरा उक्ते काम मागतो आणि तिसऱ्याच्या दरात माल धरलेलाच नसतो. ही तुलना तोंडी होत नाही. पहिला शब्द टाइप करून टॅब दाबला की तक्ता तयार होतो, त्यात दर, माल कोणाचा आणि हमी किती वर्षांची हे रकाने करावेत. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या मालाच्या बिलाचा फोटो पानावर टाकताना त्याखाली दुकानाचे नाव व रक्कम टाइप करावी, कारण हाताने लिहिलेले कच्चे बिल शोधात सापडेलच असे नाही.

काटोलकडे संत्र्याची बाग असणाऱ्यांनी आंबिया आणि मृग या दोन बहारांना (फुलोऱ्याच्या हंगामांना) स्वतंत्र सेक्शन द्यावेत. ताण (झाडांचे पाणी तोडणे), फवारणी आणि तोडा यांच्या तारखा दोहोंत निराळ्या असतात, त्या एकाच पानावर मिसळल्या तर पुढच्या वर्षी ताळा लागत नाही. तारीख टाकण्यासाठी ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकदम दाबावे.

पासवर्ड घातलेला सेक्शन बंद असताना शोधात येत नाही आणि विसरलेला पासवर्ड परत मिळवून देण्याची सोयही नाही. म्हणून बँकेचे तपशील या वहीत ठेवूच नयेत. वननोटची वही मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यात राहते आणि तेथे 5 जीबीच जागा फुकट मिळते, तेव्हा व्हिडिओही टाळावेत.

काम संपले की सेक्शन ‘पूर्ण’ नावाच्या सेक्शन ग्रुपमध्ये (अनेक सेक्शन एकत्र ठेवण्याच्या कप्प्यात) हलवावा आणि त्याची पीडीएफ प्रत संगणकावर काढून ठेवावी. हमी संपण्याची तारीख मात्र फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंदवावी, कारण वननोटमधील चौकोन वेळेवर आठवण करून देत नाही.