मिथेनच्या समस्थानिकांवर काम करायचंय? आधी हवा समजून घ्या

या विषयात येणारे बरेचसे रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र करून येतात आणि पहिला प्रश्न यंत्राचा विचारतात. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) कोणता, अचूकता किती, शिकायला वेळ किती? मीही रसायनशास्त्रातूनच आलो, त्यामुळे ही ओढ मला माहीत आहे. पण यंत्र सवयीने हाताला येतं. सुरुवातीचे महिने वरची हवा कशी फिरते हे शिकण्यात घालवलेत, तर पुढची वर्षं सोपी जातात.

विषय थोडक्यात असा. शंभरातल्या साधारण एका मिथेन रेणूत कार्बन-12 च्या जागी कार्बन-13 असतो. ठरलेल्या स्टँडर्डपेक्षा हे प्रमाण हजारात किती (म्हणजे किती पर मिल) कमी-जास्त आहे, ते डेल्टा या आकड्याने सांगतात. जमिनीलगतच्या हवेत हा आकडा उणे 47 च्या आसपास असतो. स्थितांबरात, म्हणजे साधारण दहा ते पन्नास किलोमीटर उंचीवरच्या थरात, मिथेनचा स्रोत जवळपास नाहीच. खालून येतो तेवढाच, आणि तिथे तो फक्त नष्ट होतो. नष्ट करणारे तिघे: हायड्रॉक्सिल (हवेतला OH हा क्रियाशील कण), क्लोरीनचा अणू आणि उत्तेजित ऑक्सिजन अणू. तिघेही हलका रेणू आधी उचलतात, म्हणून उरलेला मिथेन जड होत जातो. मात्र हा पक्षपात तिघांचा सारखा नाही. हायड्रॉक्सिलचा जेमतेम अर्धा टक्का, ऑक्सिजनचा टक्क्याच्या थोडा वर, क्लोरीनचा सहा-सात टक्के. त्यामुळे क्लोरीनने खाल्लेला मिथेन थोडा असला तरी तो आकड्यात ठळक दिसतो. या कामातली खरी गंमत इथेच आहे.

एक गणित स्वतः करून बघा. समजा मिथेन निम्मा झाला. सगळा हायड्रॉक्सिलने खाल्ला असेल तर डेल्टा उणे 47 वरून उणे 44-45 वर येईल. सगळा क्लोरीनने खाल्ला असेल तर थेट उणे 5 च्या आसपास. बलूनने आणलेले नमुने या दोन्हींच्या मधे, पण हायड्रॉक्सिलच्या बाजूला पडतात. मग दोघांचे वाटे काढणं म्हणजे शाळेतलं त्रैराशिक, असं वाटतं. इथेच नवखा माणूस फसतो.

कारण स्थितांबर म्हणजे बंद डबा नव्हे. 1.8 पीपीएम (दशलक्षात 1.8 भाग) मिथेन आणि उणे 47 डेल्टा असलेली हवा, आणि 0.4 पीपीएम व उणे 20 असलेली हवा सम प्रमाणात मिसळा. मिश्रणात मिथेन 1.1 पीपीएम, डेल्टा सुमारे उणे 42. पण तेवढाच मिथेन केवळ अभिक्रियेने, त्याच पक्षपाताने कमी झाला असता तर डेल्टा उणे 38 असता. हा चार पर मिलचा फरक मिसळण्याने आला. रसायनशास्त्राचा त्यात काही संबंध नाही. नमुन्यांतून काढलेला ‘दिसणारा’ पक्षपात म्हणूनच खऱ्यापेक्षा नेहमी कमी येतो. ध्रुवीय भोवऱ्याच्या (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या) कडेला मिसळणं कसं होतं, उष्ण कटिबंधातून वर चढलेली हवा किती वर्षांनी खाली उतरते, हे ठाऊक नसेल तर आलेख सुंदर येतो आणि निष्कर्ष चुकतो.

नमुने मिळवणं हे वेगळंच प्रकरण. जुन्या पद्धतीत बलूनवर द्रव निऑनने थंड केलेल्या बाटल्या पाठवून हवा गोठवून घेत. अशी उड्डाणं स्वीडनमधल्या किरुनाहून झाली, तशी आपल्या हैदराबादहूनही. आता एअरकोअर आहे. ‘नोआ’ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेतले पीटर टान्स यांची ही कल्पना: एक टोक उघडं ठेवलेली लांबलचक पोलादी नळी गुंडाळून वर पाठवायची. चढताना ती रिकामी होते, उतरताना भरत जाते, आणि आतल्या हवेचा क्रम म्हणजेच उंचीचा क्रम. स्वस्त आणि सुटसुटीत, पण हवा फारच थोडी मिळते; त्यात सर्वांत वरच्या थराच्या वाट्याला नळीचा अगदी छोटा तुकडा येतो. एक नमुना दोनदा मोजायची चैन बहुधा नसते.

प्रयोगशाळेत मिथेन वेगळा करून जाळतात आणि झालेल्या कार्बन डायऑक्साइडचे 44, 45, 46 हे वस्तुमान मोजतात. पडद्यावर 45 भागिले 44 ची रेषा नीट पाहायला शिका. जड रेणू वायू वेगळे करणाऱ्या नळीतून (स्तंभातून) किंचित आधी बाहेर पडतो, म्हणून प्रत्येक शिखरावर ही रेषा आधी वर उसळते, मग खाली बुडते. शिखराची शेपटी लवकर कापली, की डेल्टा उगाच जड दिसतो. दुसरा उपद्व्यापी क्रिप्टॉन. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला क्रिप्टॉन-86 वस्तुमान 43 वर येतो आणि शेजारच्या मोजणीत घुसतो. जाळल्यानंतर आणखी एका स्तंभाने त्याला वेगळं काढावं लागतं. हे पाठ्यपुस्तकात सहसा नसतं, सोबतच्या सीनियरला विचारा.

स्टँडर्डच्या सिलिंडरांची वही कंटाळवाणी वाटेल. पण जगभरच्या प्रयोगशाळांची तुलना केली तेव्हा कार्बनमध्ये अर्ध्या पर मिलपर्यंत, तर हायड्रोजनमध्ये (मिथेनमधल्या जड हायड्रोजनचाही असाच डेल्टा काढतात) तेरापर्यंत फरक निघाला. दुसऱ्यांचा डेटा आपल्या आलेखावर टाकण्याआधी तो कुठल्या मापावर आहे, हे बघायलाच हवं.

हायड्रोजनकडे दुर्लक्ष करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे हायड्रॉक्सिलचा पक्षपातही तीस टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही डेल्टा एकत्र पाहिले की क्लोरीनचा वाटा सुटा करणं सोपं जातं. मोजणी अवघड आणि नमुना जास्त लागतो, म्हणून बरेच जण टाळतात.

पीएचडीसाठी गट निवडताना एक गोष्ट विचारा: हवेच्या हालचालीचं संगणकी मॉडेल चालवणारा कोणी त्याच इमारतीत आहे का? ईमेलवरून चालणाऱ्या सहकार्यात एकेका प्रश्नाला आठवडे जातात. आणि बलूनच्या उड्डाणावर प्रबंधाचं वेळापत्रक टांगू नका. वारा, परवानगी, सुट्या भागांची वाट यात हंगाम निघून जातो. जुन्या नमुन्यांचा प्रकाशित डेटा घेऊन एक प्रकरण आधीच लिहायला घ्या.